उभ्याने गंभीर, बसल्यावर हसरा

हे घरी कुणाला ठाऊक नाही, कारखान्यात तर नाहीच. एकट्या दामाला ठाऊक होतं, आणि दामा होळीनंतर गेला. म्हणून लिहायला बसले आहे. हळूहळू लिहीन — घाईत मला खरं बोलता येत नाही.

पेणला एका गणपतीच्या कारखान्यात मी आखणी करते. मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळे रेखायचे, ती आखणी. मी एम.ए. झालेली, जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचणारी, म्हणून सगळे मला मास्तरीण म्हणतात. शेजारी दामा बसायचा. तोही आखणीच करायचा, पण तोंड अखंड चालू. "हसलीस तर रंग उडेल काय गो तुझा?" हे दिवसातून एकदा तरी ठरलेलं. मी हसायची नाही. आतून मात्र — कसं सांगू? — आतून मी दिवसभर हसत असायची. आबांच्या, म्हणजे मालकांच्या, चालीला. गिऱ्हाइकांच्या ऐटीला. प्रत्येकाला मनातल्या मनात एकेक नाव ठेवलेलं. हे बाहेर कळलं तर? गंभीर बाई म्हणून कारखान्यात मला मान होता, आणि तो मला फार आवडायचा. हेही सांगून टाकते.

तर एका वर्षी रोह्याजवळच्या वरसेहून एक रिटायर्ड साहेब आले. आमची जुनी गिऱ्हाइकं घरचा पाट आणून देतात, त्याच पाटावर त्यांचा गणपती घडवायचा. साहेबांनी पाट ठेवला आणि बोट नाचवत मला पाऊण तास शिकवलं — डोळ्यांत गांभीर्य हवं, देव म्हणजे पोरखेळ नव्हे. मी मान डोलावली. आणि मग... हात चुकला म्हणू का? नाही चुकला. खालची पापणी केसभर उचलली, बुबुळं किंचित खाली सोडली. उभ्याने पाहिलं तर मूर्ती अगदी गंभीर. समोर मांडी घालून बसलं, की देव आपल्याकडे बघून हसू दाबतोय. साहेबांनी मूर्ती उभ्यानेच पसंत केली. कारखान्यात बसून कोण बघतं?

पूजेला मात्र यजमान बसतो.

विसर्जनानंतर साहेब मोबाइलवरचा फोटो नाचवत आले. पाच दिवस देव त्यांना हसत होता म्हणे. भटजींचा मंत्र दोनदा अडला. जावई पाया पडायला बसला, तो उठून बाहेरच पळाला.

"कोणी केली ही आखणी?" आबा ओरडले, आणि सगळ्यांनी दामाकडे पाहिलं. साहजिकच. दामाने माझ्याकडे पाहिलं — आखणीवाल्याला दुसऱ्याचा हात ओळखता येतो. मी मान खाली घालून ब्रश धूत राहिले. ब्रश स्वच्छच होता.

"व्हय आबा, मीच," दामा म्हणाला.

आबांनी त्याची आखणी काढून घेतली. वर्षभर तो पॉलिशपेपर घेऊन मूर्तींच्या पाठी घासत बसला. डोळे काढणारा माणूस, आणि पाठी! मला तेव्हाही बोलता आलं असतं ना? मी पुस्तक वाचत होते.

पुढच्या वर्षी साहेबांच्या बाईंचा फोन आला. गणपती तसाच हवा — घर पहिल्यांदा हसलं होतं. शेजाऱ्यांनाही तसाच हवा. आबांनी दामाला पुन्हा आखणीला बसवलं. दामाने जीव तोडून डोळे काढले, ते नुसते तिरळे आले. मग जेवणाच्या सुट्टीत ते डोळे मी काढू लागले आणि दामा दारात पहाऱ्याला बसून माझा डबा खाऊ लागला. अशी सात वर्षं. रोह्यापर्यंत 'दामाचा गणपती' म्हणून नाव झालं. "सांगून टाक ना गो," भाकरीचा घास तोंडात ठेवून तो म्हणायचा, "लोक समोर काढून दाखव म्हणतात, मी रोज हात दुखतो म्हणून किती सांगू?" मी म्हणायची, "नाय."

तो गेल्यावर त्याच्या घरी गेले. त्याची बायको आल्यागेल्याला सांगत होती, यांच्या हातानं देव हसायचा. मग माझ्याकडे वळली. "तू तर शेजारी बसायचीस, बघितलंस ना गो?" मी हो म्हटलं. तिच्या दुःखासाठी म्हटलं असं लिहिणार होते. ते खरं नाही. मला भीती वाटली.

मागच्या महिन्यात साहेब स्वतः पाट घेऊन आले. थकलेत आता. "दामा गेला. आता हसरे डोळे कोण काढणार?" त्यांनी विचारलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं — उघडलं होतं, खरंच — आणि म्हणाले, "त्याच्यासारखं कोणाला जमणार?"

साहेबांनी पाट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "साधेच काढा मग."

काल काढले. साधे, गंभीर. आबांनी मूर्ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि सुस्कारा सोडला.

"हात चांगला हाय तुझा. पण दामाची सर नाय."

"नायच," मी म्हणाले.