मुडदा बशिवला, आणि मी हिंसक ठरले

मला एका खेळातून हाकललं, हे आधीच सांगून टाकते. या वयात माणसाला हाकलायला जागा तरी कुठली उरते? तरी हाकललं. मोबाईलवरच्या लुडोतून. कारण काय, तर म्हणे मी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला मृतदेहाची धमकी दिली.

हसा खुशाल. मीही आधी हसलेच.

मी सोलापुरात, बहीण अकलूजला. तिचा मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, सून शाळेत शिकवते, दुपारभर ती घरात एकटी. माझ्याकडेही तेच, मुलगा-सून कामावर आणि मी पंख्याखाली. दोघींचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी बघितली तरी घाम फुटतो. मग दोघींच्या सुनांनी आपापसांत ठरवून आमच्या मोबाईलवर हा खेळ घालून दिला. फासा बोटानं दाबायचा, सोंगटी आपली आपण चालते. आणि कोपऱ्यात माइकचं चित्र असतं, ते दाबलं की खेळता खेळता एकमेकींशी बोलता येतं. सोंगट्यांचं मला काही कौतुक नव्हतं. माइकचं होतं.

तुम्ही म्हणाल, मग साधा फोन करायचा की. केला हो, वर्षानुवर्षं केला. पण फोनवर ती बोलायचीच नाही. "बरी हाय. व्हय. न्हाय. ठेवू?" संपलं. आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय, असंच तिला कायम वाटायचं.

तसं वाटायला कारणही होतं. तिचं सासर उसाचं, मोठ्या बारदान्याचं, माणसांनी भरलेलं. सासरा ओसरीवर बसलेला असायचा. आतून बाईमाणसाचा आवाज जरा वर आला की तो खाकरायचा. बोलायचा काही नाही, नुसता खाकरायचा, की आत सगळ्या चिडीचूप. तिच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा भेटायला गेले, तर ही बया तोंडात पदर कोंबून हसत होती. माहेरी हिची हाक आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची! पुढे सासरा गेला, तर नवरा तस्साच खाकरायला लागला. मग नवराही गेला. पण खाकरणं हिच्या कानात बसलं ते बसलंच. रिकाम्या घरातसुद्धा ही हळू बोलायची.

लुडोतही सुरुवातीला तेच. "टाक आक्का. व्हय. सहा पडलं." मी आपली एकटीच बडबडत होते. आणि एक दिवस काय झालं, तिची शेवटची सोंगटी घरात शिरायला एकच घर राहिलं होतं आणि माझा फासा बरोबर पडला. मी तिची सोंगटी मारली. आणि मग माइकमधून आवाज फुटला, "मुडदा बशिवला तुजा आक्के!"

माझ्या हातातून मोबाईल पडला. अहो, ही आमच्या आईची शिवी! जेवायला हाक मारून आम्ही आलो नाही की आई दारात उभी राहून ओरडायची, "मुडदा बशिवला तुमचा, भाकरी वाळली की रं!" ताप आला तर कपाळावर पट्टी ठेवताना हेच, लग्नात पाठवणी करताना रडत रडत हेच. मुडदा कुठला, तो बसवायचा कुठं, आमच्याकडे कुणीही कधी विचारलं नाही. जीव लावायचा म्हटला की तोंडातून हेच यायचं. त्या दुपारी आम्ही दोघी हसून हसून डोळे पुसत बसलो. फाशाकडे बघायला कोण होतं? खेळ आपला आपण संपला.

त्यानंतर ती सुटलीच. सटवे, टवळे, भवाने, लबाडे. गल्लीतली भांडणं, सुनेची नक्कल, मेलेल्या नवऱ्याचीसुद्धा नक्कल! तो कसा खाकरायचा ते तिनं मला करून दाखवलं. बघा, सत्तरीला आल्यावर माझ्या बहिणीला तोंड फुटलं, ते एका बिनकामाच्या खेळात.

बिनकामाचा म्हणते, कारण तो होताच तसा. दर डावानंतर हिरे विकत घ्या, नवीन फासा विकत घ्या, सोंगटीला टोपी विकत घ्या. सोंगटीला टोपी! आमच्या बहिणाबाई एकदा नुसतं "गुडघा लई ठणकतोय गं" म्हणाल्या, तर पुढच्या डावाला गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. मी म्हटलं, वा, मेल्याला मराठी कळतंय. माझ्या सुनेला दाखवलं तर ती म्हणाली, "आई, ते ऐकत असतं. परवानगी दिलीय ना आपण." मी कधी दिली? "सुरुवातीला ‘मान्य’ दाबलं की, तेव्हा." चष्मा लावूनही दिसणार नाहीत एवढ्या मुंगीच्या अक्षरांत पानंच्या पानं, आणि खाली ठळक एक बटण. म्हणे परवानगी.

त्याच खेळात दोन डावांच्या मधे त्याच कंपनीच्या दुसऱ्या खेळाची जाहिरात लागायची. एक माणूस दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घालतो, रक्त उडतं, वर लिहिलेलं येतं, आत्ताच खेळा. हे आम्ही दोघी म्हाताऱ्या निमूट बघायचो, कारण ते टाळायचे पैसे पडायचे. आणि अशा कंपनीनं मला हिंसक ठरवलं.

झालं एवढंच, की एका दुपारी तिनं माझ्या दोन सोंगट्या लागोपाठ मारल्या आणि मी म्हटलं, "मुडदा बशिवला तुझा!" तिनं हेच कितीदा म्हटलं तेव्हा काही नाही, माझ्या वेळी मात्र पट काळा झाला. लाल त्रिकोण आला. खाली मराठी, म्हणजे मराठीची तिरडीच ती. "प्रिय खेळाडू, आपल्या संभाषणात हिंसक मजकूर आढळून आला आहे. आपण सहखेळाडूस मृतदेह बसविण्याबाबत धमकी दिली आहे. आपले खाते स्थगित करण्यात येत आहे." गुडघा म्हटलं की तेल विकायला बरोबर मराठी कळतं. मुडदा म्हटलं की मात्र मृतदेह.

मी हसले. मग तिचा फोन आला आणि हसू गेलं. तिच्याकडे वेगळाच निरोप गेला होता. "आपणास त्रास देणाऱ्या व्यक्तीवर कारवाई करण्यात आली आहे. आपण आता सुरक्षित आहात."

"आक्का," ती कुजबुजत होती, "पोलिस येत्याल का गं तुज्याकडं?"

"पोलिस कशाला येतील? वेडी का खुळी तू?"

"हळू बोल. आमच्या गल्लीतल्या एका पोराला चौकीवर बोलावलं हुतं गेल्या म्हयन्यात. फोनवर कायतर पुढं ढकललं म्हणून. मोबाईल काढून घेतला, अजून दिला न्हाय."

"अगं, ते वेगळं, हे वेगळं."

"ऐकत्यात की पर. आपण काय काय बोललो, सगळं ऐकलं आसंल त्यांनी. ह्यांची नक्कल केली ती बी." आणि मग, "बरी हाय मी. ठेवू?"

झालं. ओसरीवर पुन्हा कुणीतरी येऊन बसलं आणि खाकरलं. मला त्या कंपनीचा एवढा राग कशासाठी आला, हे आता तुम्हाला कळलं असेल. माझं खातं गेलं खड्ड्यात. त्यांनी माझ्या बहिणीचा आवाज परत आत ढकलला होता.

दुसऱ्या दिवशी सुनेला म्हटलं, यांच्या माणसाशी मला बोलायचंय. ती म्हणाली, माणूस नसतो तिथं. एक चौकट असते, तिच्यात लिहायचं. मी लिहिलं, "हा शब्द आमच्याकडे प्रेमानं वापरतात. माझी आईसुद्धा म्हणायची. ती आता नाही." लगेच उत्तर, "आपल्या आईच्या निधनाबद्दल आम्हाला खेद आहे. आपला अनुभव पाच तारकांपैकी किती?" मी पुन्हा लिहिलं, "मुडदा म्हणजे खरा मुडदा नव्हे." तर म्हणे हा शब्द वापरता येत नाही, पुन्हा वापरल्यास खाते कायमचे बंद. म्हणजे ज्या शब्दावर खटला, तो शब्द आरोपीनं कोर्टात उच्चारायचा नाही.

शेवटी त्यांनी आधार कार्डाचा फोटो मागितला. शिवाय चेहरा दाखवा. लुडो खेळायला! सून म्हणाली, "आई, सगळेच देतात. देऊन टाका." घरात उजेड पुरत नव्हता म्हणून मी गच्चीवर गेले. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, डोळे मिटा, उघडा. भर उन्हात मी मोबाईलसमोर माना वेळावत होते, आणि तेवढ्यात टाकी बघायला आमच्या सोसायटीचे अध्यक्ष वर आले. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पण याच गृहस्थांनी जिन्यात, फाटकावर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीवरसुद्धा कॅमेरे लावलेत. ते मात्र चोवीस तास चालू.

"काय काकू, रील बनवताय?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी फार समजूतदार चेहरा केला. "त्याचं काय आहे काकू, आपल्याला काही लपवायचं नसेल तर बघू द्या की कुणालाही. घाबरायचं कशाला?"

"तुमच्याकडे भाकरी टोपलीत झाकून ठेवतात ना?" मी म्हटलं.

"ठेवतात की."

"मग ती काय चोरीची असते?"

ते टाकीचं झाकण लावून खाली गेले. तेही झाकणच, पण मी बोलले नाही.

खातं परत मिळालं. अट अशी, की आमचं सगळं बोलणं साठवून ठेवलं जाईल आणि मी सभ्य भाषा वापरीन. खाली तेच ठळक बटण. मी दाबलं. लाज वाटली, पण दाबलं. निदान दुपारी तिच्याजवळ कुणीतरी असावं म्हणून.

त्यानंतरचे डाव काय सांगू? त्यापेक्षा श्राद्धाच्या जेवणात जास्त गप्पा होतात. "ताई, आपली पाळी." "हो. टाकते." मला तिनं जन्मात कधी ताई म्हटलं नव्हतं! माझी सोंगटी मारली तर म्हणायची, "माफ करा हं." कुणाला सांगत होती ती, मला की त्या ऐकणाऱ्याला? सुनेचं नाव नाही, गुडघ्याचं नाव नाही. मी मुद्दाम विचारलं, भाजी काय केलीस, तर म्हणाली, "केलीय." भाजीचं नावसुद्धा सांगेना. त्यांना भाजीचं काय करायचंय? पण भीती एकदा बसली की भाजीवरही बसते. कंपनीच्या हिशेबानं मात्र सगळं उत्तम चाललं होतं. माझ्या नावापुढं हिरवी खूण आली, "आदर्श खेळाडू". मी मनात म्हटलं, हो बाई, सुधारले. मेलेली माणसं नाहीतरी सभ्यच असतात.

असंच चाललं होतं. मग एका दुपारी पुन्हा तो प्रसंग आला. तिच्या तीन सोंगट्या घरात गेलेल्या, चौथी दारात. माझा फासा पडला. मला मारायचंच नव्हतं तिला, खरं सांगते, पण सोंगटी आपली आपण चालते. गेली आणि मारून आली. पटावर फटाके.

तिच्या बांगड्या वाजल्या तेवढं ऐकू आलं. मग तिचा श्वास. मी म्हणणार होते, असू दे गं, दुसरा डाव टाकू.

"मुडदा बशिवला तुजा आक्के!" असा आवाज आला की खिडकीतली चिमणी उडाली. "सटवे, लबाडे, दारातली मारलीस की गं माजी! आन् जो कोण ऐकत बसलाय ना तितं, त्याचाबी मुडदा बशिवला! म्हातारीच्या तोंडाला झाकण लावतो व्हय रं? तुला काय कामधंदा न्हाय? ऐक, ऐक अजून..." आणि मग तिनं आईच्या सगळ्या शिव्या, एकही न गाळता, घेतल्या. काही तर मी विसरले होते. एक लहानपणी शेजारणीसाठी राखून ठेवलेली होती, तीही त्याला दिली.

मधेच आवाज तुटला. पटावर आलं, "आपला सहखेळाडू नियमभंगामुळे बाहेर पडला आहे. अभिनंदन, आपण विजयी झालात!" पुन्हा फटाके, वर सोन्याचा करंडक.

तो करंडक नाचत असतानाच तिचा फोन आला.

"आक्का! मला हाकललं की गं!" शाळेत पहिली आल्यासारखी सांगत होती. "कायमचं म्हणत्यात! लाल अक्षरात!" मागून तिच्या सुनेचा आवाज आला, बहुतेक शाळेतून लवकर आली होती, "आत्या, काय झालं? कुणावर ओरडताय?" आणि ही तिकडं तोंड करून, "काय न्हाय गं, मला हाकललं! तू च्या टाक!" परत माझ्याकडे, "आन् आज भाजी शेपूची केलीया. लिवून घ्या म्हणावं!"

"अगं, हळू बोल," मी म्हटलं, "कान फुटला माझा."

"न्हाय बोलत हळू," ती म्हणाली.