ढगातलं कुठं जातंय?

नाशिकला आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलंच नाही. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन त्यांनी दोन्ही कॉम्प्युटरवर टाकलं होतं. आम्ही पासवर्ड टाकायला लागलो, की ते मान वळवून भिंतीकडे बघत बसायचे.

एकदा त्यांनी माझा प्रोजेक्ट हट्टानं क्लाउडवरच्या ड्राइव्हवर टाकायला लावला. फाइलला नावही त्यांनीच दिलं. दोनच दिवसांत माझा पेनड्राइव्ह जीन्सबरोबर धुतला गेला. मी रडवेली होऊन दुकानात गेले, तर हसून म्हणाले, “पेनड्राइव्ह धुण्यात जातो ताई, ढगातलं कुठं जातंय?”

आता तिथं मोबाइल कव्हरं मिळतात. काका कुठं गेले, कुणाला ठाऊक नाही. काल ड्राइव्ह आवरताना ती फाइल दिसली: ‘ताईचा प्रोजेक्ट फायनल, आता बास’.

बाकी सगळं पुसलं. ती राहू दिली.