मामीच्या थोरलीचा सेवापूर्ती सोहळा

आमच्या मामीइतकी उंच बाई जुन्नर तालुक्यात झाली नाही आणि आंबेगाव तालुक्यात होणार नाही, हे मी मंचरच्या चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. सहा फुटाला दोन बोटं कमी. मामा तिच्या खांद्याला लागतो, तोही पटका बांधला तर. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा भटजींनी टाचा उंचावून हात ताणले, तरी मामीला पलीकडचं सगळं दिसत होतं. मामाचं मुंडावळ्यांचं कपाळ दिसत होतं, मामाचे मित्र दिसत होते, त्यांच्यामागे जिलेबी तळणारा आचारी दिसत होता आणि आचाऱ्यामागे दावं तोडून निघालेली कुणाची तरी म्हैससुद्धा. वडीलधारी मंडळी खेकसली, "आगं पोरी, वाक की जरा!" मामी वाकली. तरीही दिसायचं ते दिसतच होतं. "मंग मी डोळंच मिटून घेतलं," मामी सांगते, "म्हनलं, काय बघायचं त्ये अक्षदा पडल्यावर बघू." अक्षता पडल्या, डोळे उघडले, पण मामी वाकली ती वाकलीच. नवऱ्यापेक्षा उंच दिसू नये म्हणून मान खाली, खांदे पुढे, पाठीला बाक. निमगाव साव्याच्या रस्त्याने ती निघाली की समोरच्याला वाटायचं, ही आपल्या पाया पडायला येतेय, आणि चांगली माणसं ओशाळून बाजूला व्हायची.

गावाने तिच्या उंचीची थट्टा केली, पण वापरही भरपूर केला. माळ्यावरचं पातेलं काढायचं, मामीला हाक. देवळातला बल्ब गेला, मामीला हाक. चिंचा पाडायला लोकांना आकडी लागते, मामीला नुसता पदर खोचावा लागे. मी तिला एकदा म्हटलं, "मामी, तुला गावाने शिडी करून ठेवलंय." तर म्हणाली, "शिडी बरी की रं. तिला कुनी वाक म्हनत न्हाई." मी मंचरला फ्लेक्स छापणारा माणूस आहे. दिवसभर दादा, भाऊ आणि आप्पांचे हात जोडलेले फोटो छापून माझं डोकं फिरलेलं असतं, त्यामुळे असल्या बोलण्यावर मी हसून विषय बदलतो. तेव्हाही बदलला.

मग एका ऑलिंपिकात थोरली आली. मामा जेवून आडवा झाला होता, रिमोट त्याच्या पाठीखाली दबून चॅनेल आपोआप बदललं, आणि पडद्यावर बायकांचं बास्केटबॉल सुरू झालं. मामी कांदा निवडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि कांदा हातातच राहिला. "आवं, उठा, उठा! ह्या बगा! समद्याच माज्यायेवढ्या!" तिच्याएवढ्या कसल्या, काही तर तिच्याहून वीतभर उंच. आणि एकही वाकलेली नाही. त्यात तेरा नंबरची एक, सगळ्यांत उंच, मान ताठ, वेणी कमरेपर्यंत. कुठल्या देशाची, ते नाव मामीच्या जिभेवर कधी बसलं नाही आणि मामीने बसवायचा प्रयत्नही केला नाही. तिने त्या पोरीचं नाव तिथल्या तिथे थोरली ठेवलं. मामीला एकच मुलगा, तो चाकणला कंपनीत. मुलगी नाही. मी विचारलं, "ही थोरली, तर धाकटी कोण?" मामी म्हणाली, "आसंल कुटंतरी. थोरली घावली, हेच लई झालं."

तेव्हापासून मामीचं आयुष्य त्या खेळाभोवती फिरू लागलं, मात्र खेळ तिला शेवटपर्यंत कळला नाही. बास्केटला ती पाटी म्हणायची आणि त्या पाटीला बूड नाही याची तिला मनापासून हळहळ वाटायची. "येवढ्या मेहनतीनं टाकत्यात बिचाऱ्या, आन् ऱ्हातच न्हाई!" चेंडू कुठल्याही बाजूच्या पाटीत पडला तरी ती टाळ्या वाजवायची. मी चिडून सांगायचो, "मामी, हा पॉइंट समोरच्यांना गेला." ती म्हणायची, "जाऊ दे की. तिचीबी आई बगत आसंल." आता अशा माणसाशी काय डोकं लावायचं! महिन्यातून एकदा मी निमगावला गेलो की चहाच्या आधी प्रश्न यायचा, "थोरलीचं काय?" मग मी मोबाइल काढायचो, थोरली कुठल्या तरी शहरात कुठल्या तरी संघाशी खेळत असायची, आणि मामी हनुवटीवर हात ठेवून तो इवलासा पडदा पाहत बसायची. हरली की म्हणायची, "जेवली का न्हाई कुनास ठावं."

मामा या प्रकरणात एकदाच तोंड उघडून फसला. तो बेल्ह्याच्या बाजारात बैलांची जोडी जमवून देण्यात वाकबगार. थोरलीची चाल पाहून तो सवयीने बोलून गेला, "अंगापिंडानं चांगली हाय, पर डावा पाय दाबून टाकतीया." मामी ताडकन् म्हणाली, "माज्या पोरीला बैल म्हनता?" त्या आठवड्यात मामाला चहा बिनसाखरेचा मिळाला.

पण मामाची नजर खरी ठरली. पुढच्या ऑलिंपिकला वर्ष राहिलं असताना बातमी आली की थोरली खेळताना पडली आणि तिचा गुडघा गेला. मी मामीला सांगू की नको करत होतो, पण माझं तोंडच तिने वाचलं. "कुटला?" तिने विचारलं. मी म्हटलं, "डावा." मामी अगदी हळू म्हणाली, "माजाबी डावाच."

मामीच्या गुडघ्याची रड आम्हाला माहीत होती. जन्मभर वाकून चालल्याने असेल किंवा कांद्याच्या वाफ्यात बसून असेल, तो गुडघा पार झिजला होता. मंचरच्या डॉक्टरांनी फोटो काढून स्पष्ट सांगितलं होतं की वाटी बदला, नाहीतर वर्षभरात घरात एका जागी बसाल. मामी ऐकत नव्हती. मी रागावलो, भांडलो, तिच्या मुलाला फोन लावला. शेवटी एकदा मामा गोठ्यात असताना ती माझ्या कानाशी वाकून बोलली. "कापायचं भ्या न्हाई रं मला. पर बिगाडलं आन् मी खाटंला खिळले, तर ह्यांच्यानं उचलनार हाय का मी? येवढं लांब माणूस, येवढ्याशा माणसानं उचलायचं कसं?" मला हसू आलं, ते मी दाबलं. मग ती म्हणाली, "थोरलीचं बगू आदी. ती उटली तर मीबी उटंन."

झालं! आता मामीचा पाय कुठल्या तरी परक्या देशातल्या पोरीच्या पायावर अवलंबून. थोरलीचं ऑपरेशन झालं, ती कुबड्या घेऊन चालू लागली, खुर्चीवर बसून चेंडू टाकू लागली, आणि हे सगळं मी मामीला दाखवत राहिलो. मामी रोज संध्याकाळी ओसरीवर बसून करंजाचं तेल कोमट करून स्वतःचा गुडघा चोळायची. मी म्हटलं, "याने वाटी भरून येत नाही." ती म्हणाली, "माज्यासाटी कोन करतंय? मी हिकडं चोळते, गुन तिकडं पडतू." दुपारी डोळा लागला की तिला स्वप्न पडायचं. थोरली नारायणगावला एस्टीतून उतरलीय, विचारत विचारत घरी आलीय, खाटेवर आडवी झालीय आणि तिचे पाय खाटेच्या बाहेर लोंबतायत. मामी उठून त्या पायांखाली घडवंची सरकवते. "आणि काय बोलते ती?" मी विचारलं. "बोलती कशाची! दमलेली आसती. मी नुस्ती वारा घालत बसते." हे सांगताना मामीचा हात हवेत हळूहळू हलत होता, आणि माझ्याही डोळ्यांसमोर ती लांबलचक परकी पोरगी निमगाव साव्याच्या दुपारी शांत झोपलेली दिसू लागली.

ऑलिंपिक आलं. थोरली संघात होती, पण बाकावर. एक सामना गेला, दुसरा गेला. मामीचा जीव टांगणीला. शेवटच्या सामन्यात, संघ हरणार हे ठरल्यावर, तिला आत पाठवलं. ती लंगडत नव्हती, पण जपून पळत होती. एकदाच चेंडू तिच्या हातात आला, तिने उडी घेतली, आणि चेंडू बूड नसलेल्या पाटीतून खाली आला. मामी ओरडलीच नाही. दोन्ही हात तोंडावर ठेवून बसली. सामना संपल्यावर थोरली डोक्यावर टॉवेल घेऊन खाली बसली, आणि टीव्हीवर बोलणाऱ्याने सांगितलं की ती रिटायर होतेय.

"रिटायर?" मामी म्हणाली. "मंग निरोप समारंभ?"

"तिकडे तसलं काही नसतं गं."

"नसतं म्हंजी? आपल्या शाळंतला शिपाई रिटायर झाला, तरी गाव जेवलं. ही येवढी राबली, आन् साधा नारळबी दिला न्हाई?"

"मामी, नारळ देणं म्हणजे हाकलून देणं!"

"त्ये तुमच्या मंचरात. आमी मानानं देतो."

आणि माझ्या आयुष्यात मी जे छापेन असं मला कधी वाटलं नव्हतं ते मी छापलं. 'थोरली यांच्या सेवापूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ, निमगाव सावा.' फोटो मापात पाहिजे, असा मामीचा हट्ट, म्हणून माणूसभर उंच. देवळापुढे तो पुरून उभा केला तर खालच्या ओळीतले निम्मे ग्रामस्थ मातीत गेले. बेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या एका पाहुण्याने मोटारसायकल थांबवून विचारलं, "मावशी, ह्या बाई कुटल्या शाळंवर व्हत्या?" मामी म्हणाली, "लई लांबच्या." पाहुणा म्हणाला, "लांब बदली लई वाईट, राव," आणि नमस्कार करून गेला. गाव मात्र आलं. गावाला निमित्त लागतं आणि मामीने जन्मभर सगळ्यांची पातेली काढून दिलेली.

शाल, श्रीफळ आणलं, आणि मग घोटाळा लक्षात आला. सत्कार घ्यायला सत्कारमूर्तीच नाही. फ्लेक्सला शाल घातली तर माझ्या धंद्यातल्या जाणकारीप्रमाणे ते श्रद्धांजलीसारखं दिसतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा मामा, जो कुठल्याही कार्यक्रमात शेवटच्या रांगेच्या पुढे येत नाही, तो उठला, प्लास्टिकची खुर्ची ओढत पुढे आला, खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "हिकडं ये. घरचं माणूस घेतं सत्कार." मामी त्याच्यापुढे उभी राहिली. मामाने शाल तिच्या खांद्यावर टाकली, पदरात नारळ घातला. लोकांनी बोला बोला केलं. मामीने नारळ हातात फिरवून पाहिला. मग म्हणाली, "पोरगी पडली, पर उटली. आता माजा नंबर. डॉक्टरला सांगा." आणि कार्यक्रम संपला. भाषण एवढंच. मी फ्लेक्समागे जाऊन डोळे पुसले, उगाच कशाला खोटं बोलू.

ऑपरेशनला आत जाऊ देईनात म्हणून मामा दारातच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. तिने वॉकर पुढे ठेवला आणि मामीला उभं केलं. "मावशी, खाली नका बघू. खांदे मागे घ्या. अजून. अजून." मामी सवयीने वाकायची, ती मुलगी तिची पाठ दाबायची. मग एका क्षणी मामी उभी राहिली, सगळीच्या सगळी. दंडाला धरून उभा असलेला मामा मान वर करून तिच्याकडे बघतच राहिला.

"आगं, येवढी हायेस व्हय तू?"

"व्हतेच की," मामी म्हणाली. "तुमी कवा इचारलं न्हाई."

मामाने तिचा दंड तेवढा सोडला नाही.

परवा निमगावला गेलो होतो. मामी काठी न घेता दारापर्यंत आली, चहा झाला, मग टीव्हीवर कुठलीशी मालिका लावून ती ओसरीकडे तोंड करून बसली. थोरलीचं काही विचारेना. शेवटी मीच म्हटलं, "बरेच दिवस झाले, कुठे बातमी नाही तिची. शोधू का?" बाहेर ऊन कललं होतं, कांद्याचा वास येत होता. मामी त्या उन्हाकडे पाहत म्हणाली, "नगं. रिटायर माणसाला उगा हाका मारू न्हाई. झोपली आसंल." मी हात लांब करून टीव्हीचा आवाज कमी केला.