टेक्सासच्या रँचवरचं सारवण

नागपूरच्या विमानतळावर माय रडली नाही. रडायचं काम माझ्याकडं होतं आणि ते मी चोख करत होते. अख्खी वस्ती जीप करून आली होती. वस्तीतल्या मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी हार घालायला एकमेकींना ढकलत होत्या. त्या गर्दीतून माय पुढं आली. तिनं माझे दोन्ही हात धरले, तळवे उताणे करून नीट पाहिले आणि म्हणाली, "माह्या हाताचा वास जन्मभर नाही गेला, पोरी. तुह्या हाताले शेन नाही लागू देल्लं मी. तिकडंही लागू नको देजो."

मला रडता रडता हसू आलं. साल २००१. मी निघाले होते कॉम्प्युटरवर काम करायला, तिथं कुठलं आलंय शेण?

तुम्हाला ठाऊकच आहे, पण माझ्यासारखे इथं अमेरिकेत येऊन विसरलेले आहेत, त्यांच्यासाठी लिहिते. माय पाटलाकडं गोठा काढायची, गोवऱ्या थापायची, सणावाराला त्यांचं अंगण सारवायची. पायरीपर्यंतच. उंबऱ्याच्या आतली जमीन मातीची आहे की फरशीची, हे तिनं कधी पाहिलं नाही, कारण आत पाऊल टाकायची सोयच नव्हती. आमच्या खोपटाची जमीनही तीच सारवायची. एकदा मी हौसेनं शेणात हात घालायला गेले, तर तिनं मनगट धरून मला उठवलं, हातपाय धुवायला लावले आणि पुस्तक घेऊन बसवलं. तुम्ही मला 'कलेक्टरीणबाई' म्हणून चिडवायच्या. चिडवणं बरोबर होतं, फक्त खातं चुकलं.

टेक्सासमधल्या फ्रिस्को गावातलं माझं अपार्टमेंट भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेटचं. पहिली वर्षं प्रोजेक्ट, व्हिसाची धाकधूक आणि हायवेवर गाडी चालवायला शिकणं यातच गेली. मराठी लोकांच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी काकू गोड आवाजात विचारायच्या, "तुम्ही मूळच्या कुठल्या गं? आडनावावरून कळलं नाही." मी गाव सांगायचे, वस्तीही सांगायचे आणि त्यांच्या प्लेटमध्ये आणखी एक वडा वाढायचे. मायनं मला मान खाली घालायला शिकवलंच नव्हतं, आता कुठून आणू?

२००६ मध्ये माय इकडं आली. निळ्या काठाचं पातळ आणि त्याखाली मी घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज. कार्पेटवरून हात फिरवत म्हणाली, "हे सारवत नाही?" मी व्हॅक्यूम चालवून दाखवला. "हे बेस हाय," ती म्हणाली. "विजेवरचं सारवन."

माझी मॅनेजर कॅरल मूळची पश्चिम टेक्सासची. दिवसभर गाडी हाकली की तिच्या घराण्याची रँच येते. मैलोन्‌मैल कुंपणाची तार, खुरटी झुडपं, एक पवनचक्की आणि मधोमध पणजोबानं बांधलेलं कच्च्या विटांचं घर. त्या घराचं छोटं म्युझियम करायचं कॅरलनं मनावर घेतलं होतं. जुन्या स्वयंपाकघराची मातीची जमीन उखडली होती. आमच्या घरी तशीच जमीन होती, हे मी तिला कधीतरी लंचला बोलून गेले होते. ती हरखून म्हणाली, "लाँग वीकएंडला या ना दोघी, मिळून ती जमीन सारवू. तुझ्या आईला अगदी घरी आल्यासारखं वाटेल!"

बिचारीच्या मनात काही नव्हतं. पण मला धडकी भरली. सात समुद्र ओलांडून आलेल्या माझ्या मायला कुणी पुन्हा शेणाशी बसवलं, तर मी कुठल्या तोंडानं तिच्यासमोर उभी राहू? सगळं कॅन्सलच करणार होते. पण मायनं पिशवी भरलीसुद्धा. तिला इथल्या गाई पाहायच्या होत्या.

गाई पाहून ती खूश झाली. मग कॅरलनं घर दाखवलं. भिंतीवर ओळीनं फोटो होते: पणजोबा, आजोबा, घोडे, बक्षीस मिळालेला बैल. मायनं एकेक फोटो निरखला. "आन् सारवनाऱ्या बायांचा फोटो कुठी हाय?"

मी भाषांतर केलं. कॅरल गोंधळली. रँचवरच्या मेक्सिकन गड्यांच्या बायका ते काम करायच्या, असं तिनं आजीकडून ऐकलं होतं. त्यांचे फोटो कुणी काढलेच नव्हते.

स्वयंपाकघरात दोन बादल्या तयार होत्या, एकीत माती, एकीत शेण. कॅरलनं उत्साहानं तीन जोड हातमोजे पुढं केले. मायच्या वाटणीचं मीच करीन म्हणून मी बाह्या वर केल्या.

"तू नाही," माय म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण मी जागीच थांबले.

कॅरल विचारत होती, काय झालं? पाच वर्षांत ऑफिसात मी कुणाला हे सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. पाटलाचं अंगण, पायरी, उंबरा, विमानतळावर माझे तळवे पाहणारी माय, सगळं. सांगताना रडू आलं नाही, उलट मान ताठ झाली.

कॅरलनं तीनपैकी दोन जोड मोजे उचलून ठेवले. बाहेरच्या खोलीत पणजोबाची खुर्ची होती, कुणी बसू नये म्हणून दोरी बांधलेली. तिनं दोरी सोडली, खुर्ची स्वयंपाकघरात आणली, मायसमोर ठेवली आणि स्वतः गुडघे टेकून खाली बसली. "आईंना म्हणावं, त्यांनी सांगायचं, मी करायचं."

माय पातळ सावरून अशी बसली, जणू खुर्ची तिच्याच माहेरची.

"मोजे काढ म्हना. मोज्यानं हाताले समजत नाही."

कॅरलनं मोजे काढले.

"मांगं मांगं सर, बाई! सारवलेल्यावर पाय देतं का कोनी?"

मी सांगायच्या आत कॅरल मागं सरकली. दुपारभर ती दमली, हसली, कोपरापर्यंत माखली. मायनं तिला कुठं सवलत दिली नाही. मी दारात उभं राहून दोघींचा फोटो काढला.

त्या फोटोची एक प्रत आता त्या म्युझियममध्ये आहे, पणजोबाच्या शेजारी, खाली मायचं पूर्ण नाव. दुसरी माय परत जाताना घेऊन गेली, ती आमच्या वस्तीतल्या घरात, बुद्धाच्या तसबिरीखाली. ते घर आता पक्कं आहे, फरशीचं. घर कुठं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे, मग फ्रिस्कोचं सांगू लागले. आता वाटतं, जिथं माझी माय उंबरा ओलांडून सरळ खुर्चीवर बसते, तेवढं सगळं माझं घर.

गेल्या दिवाळीत गावी गेले, तेव्हा पाटलांची सून आमच्याकडं आली होती. चहा घेता घेता ती फोटोपाशी थांबली. "मावशी, घर कोणाचं हो हे?"

माय म्हणाली, "खाली बसून सारवते ना, ते मालकीन. मी पाहुनी."