कॅरेट उचलणारा माणूस

द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत वडिलांनी मला मुदत दिली होती. तोवर ॲनिमेशनचं काही जमलं तर ठीक, नाहीतर सिन्नरच्या कंपनीत मामांनी बघून ठेवलेली नोकरी. हातात चार महिने, आणि त्यातला पहिला महिना ॲनिमेशन शिकवणाऱ्या सरांनी एका चेंडूवर घालवला. चेंडू पडतो, चपटा होतो, उसळतो. गंगापूर रोडवर पिठाच्या गिरणीवरच्या त्यांच्या खोलीत मी रोज तोच चेंडू काढायचे. टेबलाखाली माझा पाय सारखा हलायचा. सर म्हणायचे, कागद हलतोय. मला वाटायचं, यांचं काय जातंय, मुदत माझी संपतेय.

दुसऱ्या महिन्यात चेंडूच्या जागी काढायला माणूस आला, द्राक्षांनी भरलेलं प्लॅस्टिकचं कॅरेट उचलणारा. मनात म्हटलं, आता बघाच. आमची द्राक्षं पॅक करायची शेड, कॅरेटं बघतच मी मोठी झाले. फटाफट चित्रं काढली आणि ती चालवून दाखवली. सरांनी एकदाच पाहिलं.

"रिकामं आहे," ते म्हणाले.

मी माणसाला घाम आणला. दातओठ खायला लावले, मान लालबुंद केली. तरी कॅरेट रिकामंच. नऊ वेळा असं झाल्यावर मी चिडून विचारलं, की याहून जड कसं दाखवायचं असतं?

"घाम पुसून टाक. वजन उचलायच्या आधी दिसतं. शेडमध्ये जाऊन बघ."

आमच्याच शेडमध्ये मी काय नवीन बघणार? धुसफुसतच गेले. वडील कॅरेटं हलवत होते. ते थेट हात घालत नव्हते. आधी पायाने कॅरेट जरासं सरकवलं, एक कड उचलून अंदाज घेतला, परत टेकवलं. गुडघे वाकवले. क्षणभर काहीच झालं नाही. मग कॅरेट एका दमात मांडीवर आलं. इतकी वर्षं मी फक्त शेवटचं पाहिलं होतं. माझं सगळंच घोड्यावर, आधीचं बघायला थांबलेच नव्हते. मला स्वतःची लाज वाटली.

तो क्षणभराचा थांबा काढायला तीन आठवडे गेले. जवळजवळ सारखीच चित्रं, एकावर एक. दर वेळी माझा हात पुढे पळायचा आणि मी फाडून टाकायचे.

शेडमधला माल संपला, माझी मुदतही संपली, त्या दुपारी मी मोबाइल वडिलांसमोर धरला. चार सेकंदांचं ते काम त्यांनी पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघताना ते पडद्यावरच्या माणसाला म्हणाले, "हळू रे, कंबर धरंल."

मला रडूच आलं. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. मोबाइल परत देत म्हणाले, "एवढं जड एकटा किती दिवस उचलंल तो? समोरून धरायला दुसरा माणूस कसा काढायचा, ते उद्या तुझ्या सरांना विचार."