उन्हात काळा पडणारा चष्मा

सिन्नरच्या जीपमध्ये माझ्याशेजारी कडक इस्त्रीतला एक जण चष्म्यावर रुमाल धरून बसलेला.

"दादा, डोळे आलेत का?" मी विचारलं.

"नाय रे, मुलगी बघायला चाललोय. ही नवी काच उन्हात काळी पडते. मागच्या ठिकाणी तसाच घरात शिरलो, तर मुलीचा बाप म्हणे, 'पोरगं घरात गॉगल लावतंय, लय माज हाय!' लगेच नकार. चष्मा काढला तर मुलगी दिसत नाय, घातला तर मी गुंड दिसतो."

फाट्यावर तो उतरला. मुलीचे वडील न्यायला आलेले, भर उन्हात उभे, डोळ्यांवर तसलीच काळी काच!

"पाहुणे, जरा सावलीत थांबू," ते म्हणाले. "काच पांढरी झाल्याशिवाय बायको मला घरात घेत नाय."

जीप हलली. आपली काच आपल्याला कुठं दिसते? म्हणून दोघं लिंबाखाली एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे राहिले.