हिराचा चेहरा जुळत नाही

सुकत घातलेल्या मासळीला राखण लागते, फोनच्या किश्शांना लागत नाही. मासळीवर निदान कावळे तरी बसतात. फोनचे किस्से नुसते साठत जातात आणि वास मारायला लागतात. बाजार उठला की आम्ही बायका जाळ्यांच्या शेडमध्ये चहाला बसतो. पूर्वी तिथं सुना निघायच्या, आता फोन निघतात. सुना बऱ्या होत्या. त्यांना निदान उलटून बोलता यायचं.

मी शाळेत गेले नाही. ज्या रद्दीत सुकट बांधून द्यायची, तीच रद्दी वाचत अक्षरं शिकले. त्यामुळे कुणी मला 'आजी, तुम्हाला नाही समजायचं' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मला समजतं. समजतं म्हणूनच तर संताप होतो.

यंदाचे सगळे किस्से हिरापायी घडले. हिरा म्हणजे बाजारात माझ्या डाव्या हाताला बसते ती. नवरा धर्मा गेल्यापासून तिला सरकारी पेन्शन मिळतं, त्यावर तिची बीपीची गोळी चालते. यंदा हुकूम आला की बाई जिवंत आहे हे दर साली फोनमधल्या ॲपवर दाखवायचं. नाही दाखवलं तर पेन्शन बंद.

* * *

हिराच्या फोनवर ते ॲप उतरेना. 'हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही.' बस्स, एवढंच. का चालणार नाही, मग काय करायचं, काही नाही. फोन धडधाकट. बॅटरी सकाळपासून रात्रीपर्यंत टिकते.

दुकानदार म्हणाला, "जुना झाला."

हिरा म्हणाली, "मीबी जुनी झाले. म्हणून तर पेन्शन हाय."

म्हणून माझा फोन काढला. तर त्यात जागा नाही! त्यात एक पत्त्यांचा खेळ आहे, मी न मागता आलेला. दाबला, खेचला, शिव्या घातल्या, जात नाही. दुकानदार म्हणतो, "तो कंपनीचा आहे. तो काढता येत नाही."

"माझ्या पैशाच्या फोनात कंपनीचा भाडेकरू? भाडं कुणाला देतो?"

तो हसला. मी हसले नाही. शेवटी जागा करायला माझ्या नातीच्या बारशाचे फोटो मी पुसले, एकेक बघत. खेळ अजून तिथंच आहे. रोज विचारतो, आज का नाही खेळलात?

* * *

ॲप उतरलं, तर ते म्हणतं आधी वेबसाइटवर नाव नोंदवा. आमच्या बंदरावर प्रणाली नावाच्या पोरीचं ऑनलाइन सेंटर आहे. तिच्याकडे तारेचं इंटरनेट. पण मोबाइलची रेंज खाली औषधाला नाही, ती वर खिंडीत. साइट खाली, ओटीपी वर. आणि तो ओटीपी इतका नाशिवंत की बोंबीलसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त टिकतो.

प्रणालीने तोडगा काढला. हिराचा फोन घेऊन आमच्या बाजारातली कमळ वर खिंडीत उभी राहील. कमळचा आवाज म्हणजे लिलावाचा आवाज, ती बोली बोलते तेव्हा पलीकडच्या वाडीतली कुत्री उठतात. मी सेंटरच्या दारात. ती वरून आकडे ओरडणार, मी आत सांगणार, प्रणाली बटणं दाबणार.

प्रणालीने ओटीपी मागवला. वरून कमळ ओरडली, "लाभ! सात! सात! चार!" पुढचेही आकडे आले.

आम्ही मासळी मोजताना पहिल्याला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. एक म्हटलं की बरकत जाते. कमळच्या तोंडून जन्मात कधी मोजणीला 'एक' निघालेला नाही, आणि माझ्याही नाही. मी आत तेच सांगितलं. प्रणालीचं बोट बटणांवर थांबलं.

"आजी, लाभ कुठल्या बटणावर आहे?"

मी सांगेपर्यंत वेळ संपली.

* * *

पुढचा ओटीपी लागला, देवाची कृपा. कमळही खिंडीतून खाली आली. मग साइट म्हणाली, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. चौकोनांत चित्रं आली आणि हुकूम आला, ज्यात होडी आहे ते सगळे चौकोन निवडा.

आम्हाला वाटलं, चला, एक तरी गोष्ट आमच्या घरची विचारली. कोळणींना होडी दाखवायला सांगतात!

प्रणालीने एक चौकोन दाबला तसं हिराने तिचा हात धरला. "हे काय करते? हे नुसतं वल्ह्याचं टोक हाय. टोक म्हंजे होडी न्हाय."

दुसऱ्या चौकोनावर कमळचं म्हणणं, "ह्याच्यात निस्तं पाणी हाय. होडी मघाशी गेली."

आम्ही एकमताने तेवढ्याच निवडल्या, ज्यांना भर बाजारात होडी म्हणायला लाज वाटणार नाही. साइटला पटलं नाही. परत दिल्या, परत पटलं नाही. मग लाल अक्षरं आली. मी मोठ्याने वाचली, "तुम्ही माणूस असल्याची खात्री पटली नाही."

हिरा म्हणाली, "माझ्या सासूलाबी कधी पटली न्हाय."

तेव्हा आम्ही हसलो. त्यानंतर मात्र फारसं हसल्याचं आठवत नाही.

* * *

अखेर प्रणालीने आमचं न ऐकता टोकंबिकं सगळी दाबली आणि नोंदणी झाली. राहिलं होतं ते चेहरा दाखवणं. माझ्या फोनमध्ये एक गोल येतो, त्यात तोंड बसवायचं, डोळे मिचकवायचे. हिराने मिचकवले. 'चेहरा जुळत नाही.'

उजेडात नेलं, सावलीत नेलं. भिंतीपुढे उभी केली. तोंड धुवून आणलं. चष्मा काढला, तर तिला गोलच दिसेना, ती प्रणालीच्या पंख्याकडे बघून डोळे मिचकवायला लागली. 'चेहरा जुळत नाही.' वर बारीक करड्या अक्षरांत आणखी काहीतरी लिहिलं होतं, पांढऱ्यावर करडं. ज्याने ते रंगवलं त्याला आई नसावी. आई असलेला माणूस म्हाताऱ्या डोळ्यांसाठी असं लिहीत नाही.

मी तिला घेऊन तालुक्याला ऑफिसात गेले. टेबलावरचा साहेब भला वाटला. हिराकडे बघून म्हणाला, "मावशी, तुम्ही मला दिसताय हो. पण सिस्टीमला दिसत नाही."

मी म्हटलं, "मग तुमचा पगारपण सिस्टीमलाच द्या. तुम्ही कशाला बसलाय इथं?"

त्याने मान खाली घातली. पण कागदावर घेतलं नाही. म्हणे कागद बंद झालेत.

येताना एसटीत हिरा खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "आक्का, आपलं काय चुकत आसंल गो?"

त्या महिन्यात पेन्शन आलं नाही. हिरा बीपीची गोळी दिवसाआड घ्यायला लागली. आम्हाला सांगितलं नव्हतं. एक दिवस बाजारात टोपलीवरच कलंडली, तेव्हा कळलं.

* * *

तिला उठवून बसवलं आणि तडक प्रणालीकडे आणलं. प्रणालीने हिराचं कार्ड मागितलं आणि त्यावरचा फोटो संगणकावर मोठा करून बघत बसली. आम्हीही बघितला. त्यात हिरा होती, धर्मा असतानाची. कपाळभर कुंकू, नाकात नथ, केसांत वेणी, गाल भरलेले.

 मग कमळ म्हणाली, "त्याला ही हिरा ठावी हाय. आपली न्हाय."

हिराला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा म्हणाली, "रांडावलेल्या बाईचं पेन्शन घ्यायला सवाष्ण होऊ?"

मी म्हटलं, "हो."

"लोक काय म्हनतील?"

"लोक गोळ्या आणून देतात का?"

तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला. कमळने डोक्यातली वेणी सोडली आणि तिच्या आंबाड्याला माळली. प्रणालीकडे गॅदरिंगची दाबून बसवायची नथ होती, ती आणली. कुंकू मी लावलं. धर्मा गेल्याच्या दिवशी तिचं कुंकू पुसायला बायका पुढे झाल्या होत्या, त्यात मीही होते. आता लावताना जरा वाकडंच लागलं. हिरा डोळे मिटून बसली होती.

प्रणालीने फोन समोर धरला. "हिरा आजी, डोळे उघडा. आता मिचकवा."

गोल हिरवा झाला.

प्रणालीने हळूच सांगितलं, "झालं." कमळने तोंडाला पदर लावला. पंख्याचा आवाज येत राहिला.

रस्त्यावर बाजारातून परतणाऱ्या बायका दिसायला लागल्या, म्हणून मी माझा पदर ओला केला आणि हिराचं कपाळ पुसायला हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे गो आक्का. फुडच्या साली परत इचारील तो फोन."